ऐकलेला पट

फेब्रुवारी लागला की हैदराबादेत आधी ऊन बदलतं आणि मग गिऱ्हाइकांचा विषय. सकाळची इडलीची वाफ अंगाला बरी वाटायची थांबते, नळाचं पाणी बोटांना टोचेनासं होतं, आणि आमच्या टिफिन सेंटरबाहेरच्या बाकावर कुणीतरी हिंदीत विचारतं, याच दिवसांत झाली होती ना ती कारची रेस? झालं. चटणीची वाटी अर्ध्यावर राहते आणि भांडण सुरू होतं.

ती शर्यत इथं एकदाच आली. तळ्याकाठच्या ज्या रस्त्यावरून एरवी बसगाड्या आणि शेंगदाण्याच्या हातगाड्या जातात, तिथून विजेवर चालणाऱ्या बुटक्या गाड्या धावल्या. परदेशातले ड्रायव्हर आले, हॉटेलांत खोल्या मिळेनात. पुढच्या वर्षीही येणार म्हणत होते, आली नाही. मधल्या काळात सरकार बदललं होतं, त्यामुळे ती का आली नाही याचं उत्तर माणूस कोणाला मत देतो त्यावर ठरतं.

यादगिरी अण्णा ऑटो चालवतात. त्यांचं म्हणणं, गेली ते बरं झालं. "रोड बंद, मेरा धंदा बंद. अमीरों की रेस, गरीबों का ट्रॅफिक!"

अभिजीत पुण्याचा, इथल्या कंपनीत नोकरीला आहे. तो दोशाचा तुकडा हवेत धरून समजावतो. "अण्णा, एक रेस आती है तो कितने लोग आते हैं! हॉटेल, टॅक्सी, खाना. इसको टूरिझम बोलते हैं. स्टेट की इकॉनॉमी इसी से बढ़ती है."

"इकॉनॉमी बढ़ी तो मेरे ऑटो में कायकू नहीं बैठी?"

सगळे हसतात. मग आधीच्या सरकारनं काय केलं आणि आताचं काय करतंय, कुणी राज्य बुडवलं आणि कुणी वर काढलं, असं सुरू होतं. आवाज चढतात. मी आत तव्याशी उभी राहून ऐकते आणि मला दोघांचाही हेवा वाटतो. अण्णांचा, कारण रस्ता अडला तर "माझा रस्ता" म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. अभिजीतचा जास्त. त्या वर्षी त्याच्या मनगटावर तिकिटाची रंगीत पट्टी होती आणि शर्यत संपल्यावरही ती त्यानं कित्येक दिवस काढली नाही. आंघोळीनं रंग उडाला, कडा पिंजल्या, तरी पट्टी हातात. सांबाराची वाटी त्याच्यापुढे ठेवताना माझी नजर तिच्यावरच जायची. याने पाहिली. डोळ्यांनी पाहिली.

मला जन्मात एकच शर्यत पाहायची होती. ती कारची नव्हती, आणि ती माझ्या बापाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर व्हायची.

मी वर्धा जिल्ह्यातली, जामजवळच्या एका गावची. नागपूरहून निघालेला मोठा रस्ता जामच्या चौकातून सरळ खाली हैदराबादला येतो. माझे बाबा भाजी पिकवतात. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, मेथी, आणि सगळ्यांत जास्त सांभार. पहाटे पेंढ्या बांधायच्या आणि जामच्या बाजारात नेऊन विकायच्या. कापूस वेचून झाला, तुरीच्या शेंगा भरल्या, की आमच्याकडे पटाचे दिवस येत. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर एक धुरकरी, म्हणजे हाकणारा, आणि सरळ रेषेत जीव तोडून पळवायचं. दूरदूरच्या जोड्या येत. टेम्पोतून उतरताना बैलांच्या अंगावर रंगीत झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. आणि जोड्यांमागून पाहुणे.

पटाच्या पाहुण्यांना कोणी बोलावलेलं नसतं. गावात पट आहे म्हटलं की जो येईल तो आपला पाहुणा. दाराशी उभा राहिला की ताट मांडायचं. कुठला, कोणाचा, कोणत्या जातीचा, असं त्या दिवसांत आमच्या घरी विचारत नसत. "या, बसा, हात धुवा." चावडीजवळ उतरलेला जोडीवाला असो की लेकीसाठी स्थळ पाहायला आलेला कोणी, की नुसता उनाड. आलू-वांग्याचा रस्सा, पुऱ्या, वरण-भात, वर जिलबी. अभिजीत टूरिझम म्हणतो ना, ते हेच असावं. फक्त आमच्याकडे ते कोणी मोजलं नाही. आईच्या आणि माझ्या हातच्या पुऱ्या कोणत्या राज्याच्या उत्पन्नात धरल्या असतील, असं एकदा त्याला विचारावंसं वाटतं. विचारत नाही. नववीपर्यंत शिकलेल्या बाईनं गिऱ्हाइकाला असं विचारू नये, एवढं भान मला आहे.

पट मी ऐकलाय. पाहिला कधीच नाही. मैदान घराच्या मागच्याच अंगाला, मधे दोन वावरं आणि बाभळींची रांग. परसात चुलींवर कढया चढवलेल्या, आणि भोंग्यावरचा आवाज आमच्या डोक्यावरून जायचा. "जोडी सुटलीSSS!" मी पुरी तेलात सोडायची. मग थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. पुरी फुगून वर यायची, मी ती उलटवायची, आणि तेवढ्यात तिकडून असा कल्ला उसळायचा की बाभळींवरची पाखरं उडायची. संपलं. एक पुरी, एक जोडी. कोण जिंकलं हे मला जेवायला बसलेल्या पुरुषांच्या तोंडून कळायचं, आणि ते घास तोंडात घेऊन बोलत.

आमची एक जोडी होती, बादल आणि शेरा. त्यांना भिजवलेले चणे मी चारायची, पायांना तेल मी चोळायची. बादलचा उजवा कान हाताला गार लागायचा आणि डावा गरम, हे घरात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पण तो पळताना कसा दिसतो हे सगळ्या गावाला माहीत होतं, माझ्याशिवाय. दहा-बारा वर्षांची पोरं मैदानावरून येऊन मला सांगायची, "वैशूताई, बादल कसा उडला वो!" मी त्यांना जिलबी द्यायची आणि मनातल्या मनात त्यांनाच फाडून खायची.

नववीच्या वर्षी पटाचे दिवस आणि शाळेची परीक्षा एकाच आठवड्यात आली. पाहुणे घरभर. आई म्हणाली, "पुढच्या साली देजो." पुढचं साल आलं, शाळा आली नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. माझ्यामागे आठ वर्षांनी झालेली किरण तेव्हा दप्तर घेऊन अंगणात उभी असायची, मी तिची वेणी घालून द्यायची, आणि ती शाळेत जायची. मी घरी होते म्हणून तिला घरी राहावं लागलं नाही. ती बारावी झाली, कॉलेजात गेली. मला आनंद झाला. खरंच झाला. आणि त्या आनंदाच्या पोटात एक खडा होता, तांदळात असतो तसा. दाताखाली आल्याशिवाय दिसत नाही.

लग्न होऊन मी इथं आले. माझ्या लेकीचे, परीचे बाबा एका गोदामात कामाला आहेत, आणि मला काम दिलं पद्मक्कांनी. टिफिन सेंटर त्यांचं. पहिल्याच सकाळी त्या मला म्हणाल्या, "सांबार लाओ, जल्दी." मी मागच्या दारानं पळत गेले आणि भाजीवाल्याकडून हिरव्यागार पेंढ्या आणून त्यांच्यापुढे धरल्या. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. बाकावरचे लोक इडली हातात घेऊन खोळंबलेले, आणि मी पेंढी घेऊन उभी! पद्मक्कांनी आधी पेंढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अशा हसल्या की कमरेची चाव्यांची जुडी वाजायला लागली. मला वाटलं, गेलं काम. पण त्यांनी ती कोथिंबीर चिरून मोठ्या पातेल्यात टाकली आणि म्हणाल्या, "चलो, आज तुम्हारा सांबार, हमारा सांबार, दोनों."

त्या दिवसापासून मी त्यांची ऋणी आहे. मागची खोली त्यांनीच दिली. परीच्या वेळी मला उलट्या व्हायच्या तेव्हा मला तव्यापासून उठवून गल्ल्यावर बसवलं. तरीही रोज रात्री झोपताना वाटतं, उद्या नको म्हणाल्या तर? परगावी माणूस असाच निजतो. एक कान दाराकडे ठेवून.

तर तो कारच्या शर्यतीचा हिवाळा. कोर्टानं बंद केलेले पट पुन्हा सुरू झाले होते आणि गावात नव्या जोड्या उभ्या राहत होत्या. बाबांनीही एक घेतली होती. किरणचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी आलं सोलत होते.

"ताई, यंदा बायाइचा बी पट हाय. मी हाकून राह्यली."

"काय हाकून राह्यली?"

"जोडी वो! बाबा हो म्हणले. मी रोज वावरात सराव करून राह्यली. तू येजो ना."

"मले कुठची सुट्टी भेटते बाई," मी म्हटलं. "इथं कारची रेस हाय त्याच दिवसांत. गर्दी होईन."

"कारची! तू पाहाले जाशीन?"

"जाईन मंग," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आल्याची साल काढता काढता अर्धं आलंच सोलून गेलं होतं.

मग व्हिडिओ आला. परीच्या बाबांच्या मोबाइलवर, हाताएवढ्या काचेत. धूळ, ओरडा, आणि धुळीतून एक ठिपका. तो ठिपका म्हणजे किरण. काच इतकी थरथरत होती की बैल कुठले आणि माणसं कुठली ते कळेना. मग दुसरा फोटो आला. कपाळाला गुलाल, हातात कासरा, दात काढून हसणारी माझी बहीण, बाजूला बाबा. बाबांचा हात तिच्या डोक्यावर. मी तो फोटो बोटांनी मोठा केला, फक्त हात दिसेल एवढा. हा हात माझ्या डोक्यावर लग्नात आला होता. त्याच्या आधी कधी, आठवेना.

"बघ, तुझी बहीण!" परीचे बाबा कौतुकानं म्हणाले.

"पाह्यलं," मी म्हटलं आणि तव्यावर पाणी शिंपडलं. ते इतकं चरचरलं की पुढचं बोलणं ऐकू आलं नाही.

तोवर शहरात शर्यतीची तयारी सुरू झाली होती. तळ्याकाठी लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या, सिमेंटचे ठोकळे, पायऱ्यापायऱ्यांचे उंच मांडव. कंबरेला ओळखपत्रं लटकवलेले लोक पद्मक्कांकडे पेसरट्टू खायला येऊ लागले. मूग वाटून केलेला तो हिरवा दोसा बघून एक गोरा माणूस बोटानं विचारायचा, हे काय? धंदा वाढला. पद्मक्का खूश, अण्णा चिडलेले, अभिजीत पट्टी बांधून तयार. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी, कोणालाही न कळवता, दारात बाबा.

खांद्यावर पिशवी, पिशवीत वांगी आणि सांभाराच्या पेंढ्या, पायात धुळीनं पांढरी झालेली चप्पल. रात्रभर बसमध्ये बसून आलेले. "मोठा पट हाय म्हणे तुमच्या गावाले. टीव्हीवर दाखवला. म्हटलं पाहून येतो."

"बाबा, त्याले तिकीट लागते."

"पटाले तिकीट?" ते खरंच बुचकळ्यात पडले. "पाहाचे पैसे घेते काय कोनी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पद्मक्कांनी मला सुट्टी दिली. "बाप आया है, जाओ," म्हणाल्या. मी बाबांना घेऊन तळ्याकडे गेले. रस्त्याच्या कडेला उंच जाळी आणि जाळीला आतून हिरवं कापड घट्ट ताणून बांधलेलं. तिकीट नसलेल्याला काही दिसू नये म्हणून. आमच्यासारखे शेकडो लोक त्या कापडाला लागून उभे होते. कोणी झाडावर चढू पाहत होतं, पोलीस उतरवत होते. बाबांनी धोतर आवरलं, चवड्यांवर उभे राहिले, खाली वाकले, एका शिवणीला डोळा लावला. काही नाही.

मग गाड्या आल्या. विजेच्या गाड्या धडधडत नाहीत. दुरून एक शिट्टी यावी, ती कानाजवळ येऊन चिरत जावी आणि निघून जावी, तसं. कापड आमच्या अंगाकडे फुगलं आणि परत बसलं. पलीकडच्या मांडवातून कल्ला उसळला. मग दुसरी शिट्टी. मग तिसरी. बाबा कापडाकडे बघत उभे. मी बाबांकडे.

आणि मला एकदम कळलं की ते माझ्या जागी उभे आहेत. आयुष्यभर ज्यांनी पट मैदानात उभं राहून पाहिला, ते पहिल्यांदा तो ऐकत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी जे वाटलं ते वाईट नव्हतं.

बराच वेळ गेला. मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू घरी असाच ऐकत होती काय वो पट?"

 कापड पुन्हा फुगलं.

परत येताना वाटेत एक तरुण जोडपं भेटलं, केरळचं. मनगटाला पट्ट्या, उन्हानं लाल झालेले, खायला काही मिळेल का विचारत होते. बाबांना भाषा कळली नाही, पट्ट्या कळल्या. त्यांनी हात जोडले. "पटाचे पाव्हणे हाय तुमी. चला." आणि त्यांना घेऊन सरळ पद्मक्कांच्या दुकानात शिरले. बाकावरच्या लोकांना सरकवलं, पाणी दिलं, मला म्हणाले, "वाढ वो." ते दोघं पोटभर जेवले. उठून पाकीट काढलं तर बाबांनी त्या मुलाचा हात धरून ते परत खिशात कोंबलं. "पाव्हण्याचे पैसे घेत नसते."

दुकान पद्मक्कांचं!  पद्मक्का गल्ल्यावरून उठून आल्या. "ये लोग कौन?"

"पाव्हणे," बाबा म्हणाले.

पद्मक्कांनी त्या दोघांकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. "पर्वालेदु," त्या म्हणाल्या, म्हणजे असू दे, काही हरकत नाही. आणि बाबांपुढे एक गरम पेसरट्टू ठेवला. त्यावर नंतर एक अक्षर बोलल्या नाहीत. मी मात्र पुढे कितीतरी दिवस, त्या काही म्हणायला तोंड उघडायच्या तेव्हा, "बाबांचं तेवढं मनावर घेऊ नका" हे वाक्य जिभेवर तयार ठेवून असायची.

संध्याकाळी अभिजीत आला, आवाज बसलेला, चेहरा भाजलेला. "ताई, काय भारी होतं! हे आपल्याकडे व्हायला पाहिजे होतं. आपलं राज्य देशात एक नंबर, आणि शर्यत इथं. आपल्याकडचे नेते झोपलेत."

अण्णा मान वर न करता म्हणाले, "तुम्हारा स्टेट नंबर वन है ना? तो ये अम्मा यहाँ दोसा कायकू डाल रही है?"

 अभिजीतनं माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्या तव्याखाली असावं. मला राग यायला हवा होता, पण कोणावर? अण्णा खोटं बोलले नव्हते. अभिजीतही नव्हता. राज्य एक नंबर असेल. जामच्या चौकातून रात्रंदिवस ट्रक भरभरून जातातच, ते काही रिकामे नसतात. पण तो "आपलं" म्हणाला तेव्हा त्या शब्दात मी कुठे बसले होते? मला त्या शब्दाचा हेवा वाटला. किती सहज तोंडात येतो एखाद्याच्या. मला इथं आपलं म्हणावं तर भीती वाटते आणि तिथलं आपलं म्हणावं तर किरणचा फोटो डोळ्यांपुढे येतो, बाबांच्या हातासकट.

"यहाँ का तवा अच्छा है, अण्णा," मी म्हटलं. सगळे हसले. मीही.

त्यानंतर इथं कारची शर्यत आली नाही. मांडव निघाले, कापड निघालं, रस्ता पुन्हा बसगाड्यांचा झाला. दर फेब्रुवारीत भांडण तेवढं येतं. बाबाही त्यावर कधी बोलले नाहीत. फोनवर हवापाणी, परीची शाळा, भाजीचा भाव. मला वाटायचं विसरले.

यंदा संक्रांत झाल्यावर त्यांचा फोन आला. "वैशू, यंदा पटाले येजो. किरन बी हाय घरी, पहिल्या बाळंतपणाले आली. तिकीट काढ." पद्मक्कांनी सुट्टी दिली, वर परीसाठी चकल्या बांधून दिल्या. मी जामच्या चौकात उतरले तेव्हा सकाळच्या थंडीत चहावाल्याचा स्टो फुरफुरत होता, आणि हिंगणघाटकडून येणाऱ्या एका टेम्पोत झूल पांघरलेली जोडी उभी होती.

घरी परसात कढया चढल्या होत्या. मी पदर खोचला तसे बाबा मागून आले. "ते ठेव. चाल माह्यासंग."

आई कावली. "अन् पुऱ्या?"

"पुऱ्या होते. पोरगी उभ्या जन्मात पट नाई पाह्यली," बाबा म्हणाले. आईनं झारा हातात धरून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच कळल्यासारखं. मग तिनं झारा किरणच्या हातात दिला.

मैदानात आता बायकाही येतात. आम्ही दोरीला लागून उभे राहिलो. मी ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं जळले ती इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. डोळा लवला असता तर चुकली असती. पण मी लवू दिला नाही. आणि जे पाहिलं ते कानांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, तो सगळा ओरडा पळण्याचा. तसं नाही. जोडी सुटते तेव्हा मैदान गप्प होतं. अख्खं गाव श्वास धरतं. बैलांचे कान मागे पडतात, धुरकरी छकड्यावर जवळजवळ आडवा होतो, एक चाक जमीन सोडतं, आणि धूळ, बिचारी, त्यांच्यामागून उशिरा निघते. ओरडा होतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. मी परसात ज्याला रिकामा वेळ समजायची, पट तोच होता.

बाबांनी विचारलं, "पाह्यलं?"

मी मान हलवली. 

परत आले तर बायका पंगतीवर वाढायला गेलेल्या, आणि किरण एकटी वरणाच्या पातेल्यापाशी पाटावर बसलेली, एक हात पोटावर. "सांग ना वो ताई. कसा झाला?"

मी सांगू लागले. गप्प मैदान, कान, चाक, उशिराची धूळ. किरण ढवळायची थांबली. मी आणखी सांगितलं. हातवारे करून सांगितलं. पुरुष जसे यायचे आणि सांगायचे, तसं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू आवळत गेलं, आणि मी ते ओळखलं. माझ्याइतकं ते कोण ओळखणार!

"मी हाकली, पण मले काय दिसलं?" ती म्हणाली. "बैलाइच्या पाठी अन् माती. बाजूनं कसा दिसते ते मी बी नाई पाह्यलं. आता तं आई जाऊच नाई देत." मग पळीकडे बघत म्हणाली, "तुले तं सगळं भेटलं ताई. शहर भेटलं. कारचा पट बी पाह्यला तू."

"नाई वो, तो कुठं..."

"बाबानं सांगतलं ना साऱ्या गावाले! तुमी दोघं कसे पुढंच उभे होते, कशी लाल गाडी सगळ्याइच्या पुढं निघाली. चावडीवर अजून बी सांगते. लोक म्हणते, भाऊ, पुन्हा सांगा."

 हिरव्या कापडाला डोळा लावून वाकलेले बाबा, आणि चावडीवर लाल गाडी पळवणारे बाबा. किरण माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत इतका हेवा होता, इतका खराखुरा, की मला ऊब लागली. माझ्याकडे कोणी कधी असं पाहिलं नव्हतं.

"लाल नाई," मी म्हटलं. "निळी होती पुढं."

"बाबा तं लाल म्हणते."

"ते पहिल्यांदा. मंग निळीनं काढलं तिले मागं, वळणावर."

"वळणावर!" किरण पुटपुटली. तिनं पळी पातेल्याच्या काठावर आपटली. "मले नाई राहवत इथं आता. उठव मले."

"अवो, पोट..."

"पोट बी पाहीन पट. उठव."

भोंग्यावर पुढच्या जोडीचं नाव घेत होते. मी तिच्या काखेत हात घातला, तिनं सगळा भार माझ्यावर टाकला, आणि आम्ही दोघी वावराच्या बांधावरून, ती पुढं की मी पुढं अशा, बाभळींकडे निघालो. मागं वरणाखालचा जाळ कोणी काढला, ते मला अजून माहीत नाही.